कॉर्टिसॉल तपासायला येण्याआधी

मिरजेतल्या एका लॅबमध्ये मी गेली २१ वर्षं लोकांचं रक्त काढते. सकाळी साडेसातला शटर वर जातं तेव्हा बाकावर दहा-बारा माणसं उपाशीपोटी बसलेली असतात. कुणी जतहून पहाटेच्या एसटीनं आलेलं, कुणी तासगावकडून वडापच्या जीपनं. पूर्वी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर शुगर, थायरॉईड, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) एवढंच असायचं. आता दोन-तीन वर्षं एक नवीन गिऱ्हाईक येतंय. त्याच्याकडं चिठ्ठी नसते, मोबाईल असतो. "मॅडम, ते कॉर्टिसॉल करायचंय. लय टेन्शन चाललंय, हार्मोन बिघडलेत माझे."

मागं एक पोरगी अशीच आली. बँकेत नोकरी, वय तिशीच्या आत-बाहेर, डोळ्यांखाली काळं. वेळ दुपारची सव्वातीन. जेवण झालेलं, वरून कॉफी. मी म्हटलं, पैसे पर्समध्ये ठेव आणि पाच मिनिटं बस. तिला जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही, डीएमएलटी (लॅबच्या कामाची पदविका) झालेली बाई आहे. औषध सांगणार नाही. पण कुठली सुई कधी टोचून घ्यावी आणि कधी पैसे वाचवावेत, एवढं मला कळतं.

कॉर्टिसॉल हे ताणाच्या वेळी सुटणारं हार्मोन, पण एरवी ते घड्याळ बघून चालतं. पहाटे चढायला लागतं, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सगळ्यांत वर जातं, मग दिवसभर उतरत मध्यरात्रीच्या सुमाराला तळाला टेकतं. सकाळी आठच्या नमुन्यात साधारण ५ ते २५ मायक्रोग्रॅममधलं काहीही चालतं. केवढी रुंद पट्टी! दुपारी चारला आकडा त्याच्या निम्म्यावर आलेला असतो. त्यात येताना रिक्षावाल्याशी भांडण झालं, सुईची भीती वाटली किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असल्या, तरी तो हलतो. मग दुपारी सव्वातीनच्या एका आकड्यावरून तुम्ही दोन वर्षं तणावात आहात की नाही हे कसं कळणार? ताण मोजायची बाटली आमच्याकडं नाही. लाल झाकणाची नाही, जांभळ्या झाकणाची नाही, करड्याही नाही. ही तपासणी आहे ती कॉर्टिसॉल बनवणाऱ्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीच्या ठरावीक आजारांसाठी. त्याची लक्षणं पुढं सांगते. बाकी 'ॲड्रिनल फटीग' नावाचं जे मोबाईलवर फिरतंय, ग्रंथी दमली म्हणून, त्या नावाचा आजार हार्मोनचे डॉक्टर मानत नाहीत.

म्हणजे ताणाचं हार्मोनला काही होत नाही असं नव्हे. होतं, आणि बरंच होतं. ते समजायला माझ्या सासूबाईंचं उदाहरण घ्या. आत्तींना दम्याचा त्रास. एका वर्षी बरेच महिने स्टेरॉइडच्या गोळ्या चालल्या. चेहरा भाकरीसारखा गोल झाला, हातपाय काड्या आणि पोट पुढं. शुगर चढली. रात्री दोनला उठून भांडी लावत बसायच्या. मी रक्त काढायला दंड धरला तरी कातडीवर निळं पडायचं. पायाला साधं खरचटलेलं महिनाभर सुकेना. डॉक्टरांनी मात्रा हळूहळू कमी करत नेली. (एकदम बंद करायच्या नसतात त्या गोळ्या. बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनानं सोडून बेशुद्ध पडलेली माणसं असतात.) तर कॉर्टिसॉल म्हणजे आपल्या अंगात तयार होणारं तेच स्टेरॉइड. काळजीनं काही एवढी मोठी मात्रा सुटत नाही. पण वर्षानुवर्षं थोडं जास्त, आणि मुख्य म्हणजे रात्री उतरायच्या वेळेला न उतरलेलं, असं चाललं तर गाडी त्याच रस्त्यानं जाते. फक्त हळू.

ही व्यवस्था मुळात आपल्या भल्यासाठी आहे. मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा भाग त्याच्याखालच्या पिट्यूटरी ग्रंथीला सांगतो, पिट्यूटरी अधिवृक्क ग्रंथींना सांगते. या ग्रंथी किडनीच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या असतात. त्यांतून ॲड्रिनॅलिन मज्जातंतूंच्या थेट इशाऱ्यानं क्षणात सुटतं, कॉर्टिसॉल मिनिटांत. यकृत रक्तात साखर सोडतं, बीपी चढतं, आणि पचन, पाळी, जखम भरणं ही कामं 'नंतर बघू' म्हणून मागं पडतात. आमचं घर सांगलीत गावभागात आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा मी भरलेला सिलिंडर एकटीनं माळ्यावर चढवला. चिखल काढून झाल्यावर तोच सिलिंडर खाली घ्यायला दोन माणसं लागली.

पाणी आठवड्यानं उतरलं. माझं काही उतरलं नाही. इथं ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे पोरासोरांनाही पाठ असतं. पण २०१९ नंतर दर जुलैला मी रात्री दोनला उठून मोबाईलवर बघायची, आयर्विनला किती, कोयनेतून विसर्ग किती क्युसेक, वारणेला काय. पाणी २२ फुटांवर असलं तरी बघायची. त्यात २०२१ ला परत पूर आला, म्हणजे भीती खोटी आहे असंही म्हणता येईना. घरी आत्तींचं आजारपण, ह्यांच्या हळदीच्या अडतीत अडकलेले पैसे, मुलीची बारावी. पाळी कधी बावीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. केस हातात यायचे. दिवसभर मरगळ आणि रात्री अकराला डोळे टक्क उघडे.

मी सगळ्याचं खापर पुरावर फोडलं. "टेन्शननं होतंय," हे वाक्य मी दोन वर्षं वापरलं. रोज चाळीस माणसांचं रक्त काढणारी मी, माझं स्वतःचं एकदाही काढलं नव्हतं. शेवटी लॅबमधल्या धाकट्या सहकाऱ्यानं जबरदस्तीनं खुर्चीत बसवलं. हिमोग्लोबिन ९.४. टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन, चढून ११. तीन महिन्यांची सरासरी शुगर ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. हौस म्हणून सकाळी आठचं कॉर्टिसॉलही केलं. ते १४ आलं, अगदी नॉर्मल. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यांत वाईट काळात!

थायरॉईडच्या अँटिबॉडी पॉझिटिव्ह निघाल्या. म्हणजे शरीरच आपल्या थायरॉईडवर उठलं होतं, तो आजार स्वतंत्र होता. ताणानं टीएसएच उलट थोडा दबतो आणि थायरॉईडच्या टी-फोर हार्मोनचं टी-थ्री व्हायचं प्रमाण कमी होतं. टीएसएच ताणानं ११ वर जात नाही. रक्त कमी होतं ते पाळीत जास्त गेल्यामुळं. शुगर मात्र झोप आणि काळजीच्या खात्यावर बरीच टाकता येईल. म्हणून माझा क्रम असा आहे. आधी ताण नसलेलं काय आहे ते बाहेर काढा. ते स्वस्त असतं आणि त्याच्यावर सरळ औषध असतं. मग उरेल त्याला ताण म्हणा.

कुठल्या तपासण्या, आणि कशा द्यायच्या

'हार्मोन पॅकेज' नावाचं ४०-५० तपासण्यांचं गाठोडं घेऊ नका. आम्हाला धंदा होतो, तुम्हाला काळजी. एवढ्या आकड्यांत एक-दोन ठिपके लाल येतातच, मग त्यांच्या मागं पळत बसायचं. थकवा, झोप नाही, वजन वाढतंय, पाळी बिघडली, अशी तक्रार असेल तर सीबीसी, टीएसएच, उपाशीपोटी शुगर आणि तीन महिन्यांची शुगर इथनं सुरुवात बहुतेक डॉक्टर करतात. शाकाहारी असाल तर बी-१२. बायकांनी फेरिटिन विचारून घ्यावं, कारण हिमोग्लोबिन ठीक असून लोहाचा साठा संपलेला असू शकतो. पाळी चुकली असेल तर सगळ्यांत आधी गरोदरपणाची चाचणी. यात लाजायचं काही नाही. चार-पाच हजारांचे हार्मोन करून शेवटी बातमी गोड निघालेली मी पाहिलीय.

दोन गोष्टी घरीच करा, फुकट. शिंप्याची टेप घेऊन बेंबीच्या रेषेत पोट मोजा. आपल्याकडं बायकांना ८० सेंटिमीटर आणि पुरुषांना ९० च्या वर गेलं की लक्ष द्यायचं. कॉर्टिसॉल आणि इन्शुलिन दोन्ही चढे राहिले की चरबी पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठते. वजनकाटा ते सांगत नाही, टेप सांगते. आणि बीपी वेगवेगळ्या दिवशी, पाच मिनिटं शांत बसून मोजा. माझं तेव्हा ८८ सेंटिमीटर होतं.

नमुना देताना होणाऱ्या चुका मी रोज बघते. उपाशीपोटी म्हणजे आठ-दहा तास, पाणी चालतं, बिनसाखरेचा चहा चालत नाही. थायरॉईडची गोळी त्या दिवशी रक्त दिल्यावर घ्या. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या खात असाल तर सांगा. त्या बऱ्याच मशीनवर थायरॉईडचा रिपोर्ट खोटा पाडतात, त्यामुळं दोन-तीन दिवस आधी थांबवायला सांगतात. एफएसएच आणि एलएच ही पाळीची हार्मोन सहसा पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन सकाळीच, आणि एकदा कमी आलं म्हणून हाय खायची नाही, दुसऱ्या एखाद्या दिवशी परत करायचं. द्राक्षवाले गडी ही तपासणी फार गुपचूप करतात. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षावरच्या दावण्या रोगाच्या धास्तीनं दोन महिने धड झोप नाही, पहाटे तीनला फवारणी, आणि मग घरात इच्छाच होत नाही म्हणून घाबरून येतात. अशा ताणात मेंदूच सगळ्यांत वरून जननग्रंथींना जाणारा संदेश कमी करतो. बायकांत त्यानं अंडं सुटत नाही आणि पाळी लांबते, पुरुषांत टेस्टोस्टेरॉन उतरतं. झोप भरून आली की बऱ्याचदा आकडाही वर येतो.

प्रोलॅक्टिनची, म्हणजे अंगावर दूध आणणाऱ्या हार्मोनची, गंमत वेगळी. हे हार्मोन खरंच घाबरल्यावर चढतं, सुई बघूनसुद्धा. म्हणून जागे झाल्याझाल्या धावत येऊ नका. अर्धा तास बाकावर निवांत बसा. मी तर पंखा लावून देते आणि गावाकडच्या पाऊसपाण्याचं विचारते.

आता जिथं 'टेन्शनमुळं' म्हणायचं नाही ते सांगते. न खाता-पिता चेहरा गोल होणं, पोटावर रुंद जांभळे पट्टे, उठताना मांड्यांत जोर नसणं, सहज निळं पडणं, ही कॉर्टिसॉल फार जास्त झाल्याची लक्षणं. वजन उतरणं, उलट्या, उभं राहताच चक्कर, कातडी आणि हिरड्या काळवंडणं, खारट खावंसं वाटणं, ही ते कमी पडल्याची. इथं डॉक्टर कॉर्टिसॉल स्वतः लिहून देतात, सकाळचं, रात्रीच्या लाळेतलं किंवा २४ तासांच्या लघवीतलं. तेव्हा सांधेदुखीची पुडी, दम्याचा पंप, खाजेचं मलम, जे काही चालू असेल ते सांगा, कारण बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड सापडतं. तीन महिने पाळी नाही, खूप तहान आणि लघवी, कारण नसताना वजन घटणं, यालाही डॉक्टर. छातीत दुखत असेल तर लॅबच्या बाकावर बसायचंच नाही, सरळ दवाखाना.

वही

बँकेतल्या पोरीला मी पंधरा दिवस वही लिहायला सांगितली. दोनशे पानी नको, पोरांची रफ चालते. किती वाजता उठले, शेवटचा चहा किती वाजता, रात्रीचं जेवण किती वाजता, मोबाईल कधी ठेवला, झोप कधी लागली, रात्री कितीदा जाग आली, पाळीचा दिवस कितवा. आणि एक ओळ, आज पोटात गोळा कशानं आला. 'कामाचं टेन्शन' असं लिहायचं नाही. 'मॅनेजरनं सगळ्यांसमोर टार्गेट विचारलं, ५.४० ला' असं लिहायचं. पंधरा दिवसांत दिसतं की गोळा रोज वेगळ्या कारणानं येत नाही, दोन-तीन ठरलेल्या जागा असतात.

माझ्या वहीत जागा निघाल्या तीन. रात्रीचे फूट आणि क्युसेक, आत्तींचं रात्रीचं उठणं, आणि दर महिन्याच्या १० तारखेचा हप्ता.

पहिल्यावर उपाय सोपा होता आणि सगळ्यांत जड गेला. मोबाईल रात्री नऊनंतर स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर. पुलाची पातळी दिवसातून दोनदाच बघायची, सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा. रात्री इशारा पातळी ओलांडायची शक्यता असेल तर ह्यांनी बघायचं, मी नाही. आणि भीती खोटी नव्हती म्हणून तिचं कामही केलं. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत, मीटरजवळची जड वस्तू वर, कुणाकडं राहायला जायचं ते मे महिन्यातच ठरवून. तयारी झाली की रात्री बघत बसायला कारण उरत नाही. पहिले आठ दिवस हात शिवशिवत होता.

आत्तींच्या बाबतीत मी नणंदेला सरळ सांगितलं, वन्सं, महिन्यातले आठ दिवस तुमच्याकडं. बोलताना माझा आवाज कापत होता. पण अमेरिकेतला १९९५ चा एक अभ्यास माझ्या डोक्यात होता. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या १३ बायका आणि तशाच वयाच्या, घरच्या परिस्थितीच्या दुसऱ्या १३. सगळ्यांच्या हातावर एकसारखी छोटी जखम केली. सेवा करणाऱ्यांची भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. आमच्या बाकावर सासऱ्याला धरून आणणाऱ्या सुना बघते तेव्हा मला तो आकडा आठवतो. त्यांच्या हातात फाईल दुसऱ्याची असते.

हप्त्याचं काय करणार? दीर्घ श्वास घेतल्यानं सोसायटीचं कर्ज फिटत नाही, आणि असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. आम्ही दोघांनी एका रविवारी सगळी देणी-येणी एका कागदावर मांडली. रक्कम मनातल्या रकमेपेक्षा कमीच निघाली. जिथं एकट्यानं सुचत नाही, रडू आवरत नाही, जगणं नकोसं वाटतं, तिथं १४४१६ ला फोन लावा. टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, फुकट, रात्रीही चालू, आणि मराठीत बोलता येतं.

घड्याळ परत लावणं

औषधं डॉक्टरांनी दिली, लोह आणि थायरॉईड. बाकी मी केलं ते घड्याळाचं. १९९९ मध्ये ११ तरुण पोरांना सहा रात्री चारच तास झोपू दिलं, तर तेवढ्यात त्यांची साखर पचवायची ताकद घसरली आणि संध्याकाळचं कॉर्टिसॉल चढं राहिलं. ती धडधाकट पोरं होती. मी चव्वेचाळीसची.

उठायची वेळ रविवारीसुद्धा एकच, सहा. झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची असते. उठल्यावर वीस मिनिटं उजेडात, मी घाटाकडं जाऊन येते. सकाळच्या उजेडानंच मेंदूतलं घड्याळ जुळतं, रात्री मेलाटोनिन हे झोपेचं हार्मोन वेळेवर सुटतं. चहा सोडला नाही, सोडणारही नाही. शेवटचा कप तीनला. त्यातलं कॅफिन निम्मं व्हायलाच पाच-एक तास लागतात, हे कळल्यावर संध्याकाळी सातचा कप मला परवडेना. रात्रीचं जेवण मालिकेनंतर दहाला व्हायचं, ते आठवर आणलं. घरात आठवडाभर महाभारत झालं. ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी, तेच जेवण, फक्त दोन तास आधी. आणि जेवल्यावर अंथरुणात न पडता गणपती मंदिरापर्यंत जाऊन यायचं. जेवणानंतर पायाचे स्नायू चालले की रक्तातली साखर तिकडं ओढली जाते. दुपारी चारला भडंगाची वाटी असायची. ती वाटी लहान झाली, गेली नाही.

श्वासाचं एकच करते. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, पाच मिनिटं. मिनिटाला सहा श्वास होतात. बाहेर सोडणं लांब असलं की हृदयाची गती उतरते, हे बोट नाडीवर ठेवलं तर स्वतःलाच कळतं. वडाप भरायची वाट बघताना होतं ते. अश्वगंधाबद्दल सगळे विचारतात. काही छोट्या अभ्यासांत फायदा दिसलाय, पण यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत आणि थायरॉईडचे आकडे त्यानं हलू शकतात. खायचंच तर डॉक्टरांना सांगून खा, लपवून नको.

निकालाची घाई करू नका. थायरॉईडची मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासतात. तीन महिन्यांची शुगर महिन्यात परत करण्यात अर्थ नाही, तांबडी पेशीच साधारण १२० दिवस जगते. माझी ६.१ ची ५.८ व्हायला सहा महिने लागले. पोट ८८ चं ८४. वजन फक्त अडीच किलो उतरलं, सगळे म्हणतात काहीच फरक नाही. पाळी पाचव्या महिन्यापासून तीसच्या आसपास आली.

बँकेतली पोरगी वही घेऊन परत आली, या वेळी सकाळी आठला, उपाशीपोटी. हिमोग्लोबिन ८.९ निघालं. वहीत रोज ५.४० चा मॅनेजर आणि ६.३० ची कॉफी. बदलीचा अर्ज तिनं केलाय, कॉफीचं अजून काही ठरलेलं नाही.

आणि गेल्या पावसाळ्यात एका रात्री कृष्णा सात फूट चढली. सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तेव्हा शेजारणीनं मला सांगितलं.